डोळ्यांची फाइल वाचताना

काचबिंदूचे निदान झालेला माणूस दवाखान्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात जाडजूड फाइल असते आणि डोळ्यांना मात्र काहीच होत नसते. दुखत नाही, टोचत नाही, लाली नाही; पेपर वाचता येतो, लांबून येणाऱ्या एसटीची पाटीही दिसते. गुडघा झिजला की जिना चढताना गुडघाच सांगतो, दाढ किडली की ती रात्रभर झोपू देत नाही. काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकारात शरीर गप्प असते आणि कागद बोलतो. ‘आय.ओ.पी. २४’, ‘सी.डी. रेशो ०.७’, ‘एम.डी. उणे ८’ या तीन नोंदींपलीकडे त्या माणसाला आपला आजार भेटलेलाच नसतो. त्या वाचता आल्या नाहीत, तर आजार आहे यावर विश्वास तरी कशाच्या आधारावर ठेवायचा? आणि विश्वास बसला नाही तर पुढची वीस-तीस वर्षे रोज रात्री डोळ्यांत थेंब कोण घालणार?

ही पुस्तिका त्या कागदासाठी आहे. डॉक्टरांना चुकीचे ठरवण्यासाठी तिचा उपयोग करू पाहणाऱ्यांची निराशा होईल, घरबसल्या निदान करू पाहणाऱ्यांची तर नक्कीच. फाइलमधल्या शब्दांमागे कोणते मोजमाप आहे, ते कशाने घेतले, कशाशी ताडून पाहिले आणि त्यावरून काय ठरले, एवढे कळावे हा हेतू आहे. डोळ्यांच्या इतर आजारांचे शब्दही आत आहेत. पण काचबिंदूने निम्म्याहून अधिक जागा घेतली आहे, आणि ती मुद्दाम दिली आहे. मोतीबिंदूच्या रोग्याला फाइल वाचता आली नाही तरी त्याचे फारसे अडत नाही. धुरकट दिसायला लागले की तो स्वतःच येतो, भिंग बदलले की त्याला दिसू लागते.

मोतीबिंदूचा हा अनुभव घराघरांत इतका मुरलेला आहे की काचबिंदूकडेही लोक त्याच अपेक्षेने पाहतात. “डॉक्टरसाहेब, एकदाचं ऑपरेशन करून टाका, म्हणजे या थेंबांची कटकट मिटेल,” असे म्हणणारे काका प्रत्येक नेत्रविभागात असतात. “काका, ऑपरेशन दाब उतरवण्यासाठी असतं. गेलेली नजर त्यानं परत येत नाही,” हे उत्तरही ठरलेले. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते आणि भिंग बदलता येते. काचबिंदूत मरतात ते डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिनाडीचे तंतू. प्रत्येक डोळ्यामागे असे दहा-बारा लाख तंतू असतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. म्हणून काचबिंदूच्या फाइलीत ‘बरा झाला’ हा शेरा कधी सापडत नाही. तिथला सर्वांत चांगला शब्द ‘स्टेबल’ हा आहे आणि तो मिळाला तर पेढे वाटायला हरकत नाही.

सुरुवात दाबापासून करू, कारण फाइलही तिथूनच सुरू होते. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन-अडीच मायक्रोलिटर. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. अश्रू बाहेरून डोळा भिजवतात, हा द्रव आतल्या आत फिरतो. बाहुलीतून तो पुढे येतो आणि बुबुळाच्या कडेला, जिथे पारदर्शक कॉर्निया आणि रंगीत आयरिस एकमेकांना भेटतात त्या कोपऱ्यातल्या जाळीतून निघून जातो. नळ चालू आहे आणि मोरीची जाळी तुंबत चालली आहे, तर न्हाणीघरात पाणी चढणारच. डोळ्यात चढतो तो दाब. काचबिंदूवरचे बहुतेक सगळे उपाय, औषध असो, लेझर असो की शस्त्रक्रिया, एक तर नळ थोडा बंद करतात, नाहीतर मोरी मोकळी करतात किंवा पाण्याला दुसरी वाट काढून देतात. या दाबाचा आणि दंडाला पट्टा बांधून मोजतात त्या रक्तदाबाचा हिशेब वेगळा आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे म्हणून डोळ्याचा दाब आटोक्यात राहील, असे समजून थेंब सोडणारे लोक असतात, म्हणून हे इथे स्पष्ट लिहिले.

हा दाब, म्हणजे फाइलमधला ‘आय.ओ.पी.’, मिलिमीटर पाऱ्यात लिहितात आणि २१ हा आकडा प्रत्येकाच्या तोंडी असतो. २१च्या आत म्हणजे ठीक, वर म्हणजे काचबिंदू! हा आकडा आला कुठून? १९५०च्या दशकात जर्मनीत हजारो लोकांचे दाब मोजले गेले. सरासरी पंधरा-सोळाच्या आसपास भरली, तिच्यात दोन प्रमाण विचलने मिळवली आणि वरची हद्द एकवीसच्या जवळ आली. म्हणजे २१ ही आकडेशास्त्राने आखलेली रेघ आहे. त्या रेघेवर डोळ्यात काही घडत नाही. २४ दाब असूनही आयुष्यभर नाडी शाबूत राहिलेली माणसे आहेत. त्यांच्या फाइलीत ‘ऑक्युलर हायपरटेन्शन’ असे लिहिलेले असते. १५ दाब असूनही नाडी झिजत गेलेली माणसे आहेत. त्यांच्याकडे ‘नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा’ लिहितात (ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू) आणि हा शब्द वाचून त्यांचे नातेवाईक हमखास विचारतात, नॉर्मल आहे तर औषध कशाला? भारतातल्या वस्तीपाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या अनेकांचा दाब तपासणीच्या वेळी २१च्या आतच होता. नुसता दाब मोजून ‘काचबिंदू तपासणी’ उरकणाऱ्या शिबिरांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, ते या कारणाने.

शिवाय मोजणारे यंत्र आणि मोजला जाणारा डोळा यांचाही त्या आकड्यात वाटा असतो. डोळ्यावर हवेचा फुसकारा मारणारे यंत्र चाळणीपुरते बरे; काचबिंदूचा निर्णय घ्यायचा तर बहुतेक डॉक्टर अजूनही गोल्डमन अॅप्लनेशनकडेच जातात. बर्नच्या हान्स गोल्डमन यांनी १९५०च्या दशकात आणलेले हे साधन कॉर्निया किंचित सपाट करायला किती जोर लागतो ते मोजते. कॉर्निया जाड असेल तर जोर जास्त लागतो आणि दाब आहे त्याहून वाढलेला दिसतो. पातळ असेल तर उलटे. म्हणून फाइलीत ‘पॅकिमेट्री’ किंवा ‘सी.सी.टी.’ असते, म्हणजे कॉर्नियाची मध्यावरची जाडी, मायक्रॉनमध्ये. नागपूर परिसरातल्या ग्रामीण भागात केलेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीत ही जाडी सरासरी ५१४ मायक्रॉन भरली. युरोपीय वंशाच्या लोकांत ती ५४०-५५०च्या आसपास असते. आपल्याकडच्या पातळ कॉर्नियावर घेतलेला १८ म्हणूनच दिसतो तितका निर्धास्त नसतो. आणि दाब दिवसभर एकसारखा नसतो. पुष्कळांचा पहाटे-सकाळी अधिक असतो. संध्याकाळच्या ओपीडीत मिळालेला एक आकडा हा त्या संध्याकाळचा आकडा होय.

‘टार्गेट प्रेशर’ हा शब्द मात्र प्रत्येक रोग्याने आपल्या फाइलीत शोधावा आणि नसेल तर विचारावा. माझ्या डोळ्यासाठी किती दाब चालेल, हे त्यात लिहिलेले असते. नाडी जेवढी अधिक झिजलेली आणि पुढचे आयुष्य जेवढे मोठे, तेवढे ते लक्ष्य खाली जाते. स्वीडनमधल्या एका दीर्घ चाचणीत दाब एका मिलिमीटरने उतरला की आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो असे दिसले. अठरावरून सोळावर आल्याचे कौतुक डॉक्टरांना का वाटते, ते यावरून कळते.

कॉर्निया आणि आयरिस भेटतात त्या कोपऱ्यावरून, म्हणजे ‘अँगल’वरून, आजाराची दोन मोठी घराणी पडतात. कोपरा उघडा पण जाळी नादुरुस्त, तो ओपन अँगल. आयरिस पुढे सरकून कोपराच अरुंद किंवा बंद, तो अँगल क्लोजर. आपल्या पूर्वेकडच्या जगात हा दुसरा प्रकार युरोपपेक्षा बराच अधिक आढळतो, त्यातही बायकांत आणि लहान चणीच्या, प्लस नंबरच्या डोळ्यांत. कोपरा सरळ पाहून दिसत नाही. आरसे बसवलेले भिंग डोळ्याला टेकवून पाहावा लागतो. त्याला ‘गोनिओस्कोपी’ म्हणतात. काचबिंदूच्या फाइलीत हा शब्द एकदाही नसेल तर तो का नाही, हे विचारण्याचा रोग्याला पूर्ण अधिकार आहे.

कोपरा एकाएकी बंद झाला तर मात्र गप्प राहणारा हा आजार आकांत करतो. डोळा लाल, असह्य दुखणे, दिव्यांभोवती रंगीत वलये, डोके फुटेल असे वाटणे आणि उलट्या. उलट्यांमुळे रोग्याला पित्त समजून घरी लिंबू-सरबत दिले जाते, कधी पोटाच्या डॉक्टरांकडे नेले जाते, आणि तासांवर तास जातात. उलट्यांसोबत एक डोळा लाल आणि अंधुक असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. पुस्तिकेतली ही नोंद ठळक अक्षरात छापली आहे. सर्दीच्या गोळ्यांच्या आणि मनोविकारांवरच्या काही औषधांच्या कागदावर ‘ग्लॉकोमा असल्यास घेऊ नये’ असे छापलेले असते, तेही या अरुंद कोपऱ्याच्या घराण्याला उद्देशून. उघड्या कोपऱ्याचा काचबिंदू असलेले किती तरी लोक ती ओळ वाचून आवश्यक गोळी बंद करतात. आपला प्रकार कोणता, हे ठाऊक असण्याचा हा अगदी रोजचा उपयोग.

आता ‘कप’. हेल्महोल्ट्झने १८५१ साली ऑप्थॅल्मोस्कोप आणला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच दिसू लागला. दृष्टिनाडी डोळ्यात शिरते त्या जागी फिकट केशरी चकती दिसते, ती ‘डिस्क’. तिच्या मधोमध उथळ खळगा, तो ‘कप’. काचबिंदूत तंतू मरत जातात तसा खळगा रुंदावतो. गंमत अशी की सुरुवातीला हा खळगा भल्याभल्यांना फुगवटा वाटला. एका डोळ्याने पाहताना खोली आणि उंची यांची फसगत होते, आणि बर्लिनचे महान नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फोन ग्राफे यांचीही झाली. त्यांनी ती लवकरच सुधारली आणि १८५७ साली तीव्र काचबिंदूवर आयरिसचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. या आजारावरचा तो पहिला खरा इलाज होता.

सी.डी. रेशो म्हणजे चकतीच्या किती भागात खळगा आहे ते. ०.३ असेल तर सहसा कोणी लक्ष देत नाही, ०.७ला भुवया उंचावतात. पण चकतीच जन्मतः मोठी असेल तर खळगाही मोठा असतो आणि त्यात आजार काहीच नसतो. दोन डोळ्यांत ०.२हून अधिक फरक असणे, खळग्याभोवतीची कड एका जागी पातळ होणे, चकतीच्या काठावर बारीक रक्तस्राव दिसणे, या गोष्टी नुसत्या आकड्यापेक्षा अधिक बोलतात. एवढे सगळे पाहूनही निश्चित सांगता येत नसेल तर डॉक्टर ‘ग्लॉकोमा सस्पेक्ट’ लिहितात. हा शब्द वाचून घरी रडारड झालेली असते, किंवा उलट ‘अजून काही नाहीये’ म्हणून फाइल कपाटात जाते. दोन्ही चुकीचे. त्या शब्दाचा अर्थ एकच, ठरलेल्या तारखेला पुन्हा यायचे.

फील्ड टेस्टइतकी नावडती तपासणी दुसरी नसेल. हनुवटी टेकवून एका वाडग्यासारख्या पांढऱ्या पडद्याकडे पाहायचे, मधल्या बिंदूवरून नजर हलवायची नाही, कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचे. बाहेर आल्यावर प्रत्येकाची तक्रार एकच: “मला निम्मे दिवे दिसलेच नाहीत.” ते तसेच योजलेले असते. प्रत्येक ठिकाणी डोळ्याला जेमतेम दिसेल असा प्रकाश शोधायचा, तर यंत्राला दिवा मंद करत करत न दिसण्याच्या हद्दीपर्यंत जावेच लागते. निरोगी डोळ्यालाही बरेच दिवे दिसत नाहीत. हे आधी कोणी सांगितले तर माणूस घाबरून अंदाजाने बटणे दाबणार नाही. अशा अंदाजाच्या दाबण्यांना अहवालात ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणतात आणि त्या वाढल्या की अख्खी तपासणी वाया जाते. ‘२४-२’ या नावाच्या नेहमीच्या चाचणीत ५४ ठिकाणे तपासली जातात. ‘१०-२’ ही मधल्या दहा अंशांची बारकाईची चाचणी, आजार मध्याजवळ पोचला की तिची गरज लागते. ‘एम.डी.’ म्हणजे आपल्या वयाच्या निरोगी डोळ्यांपेक्षा आपली दृष्टी सरासरीने किती डेसिबलने कमी. शून्याच्या आसपास चांगले. उणे सहापर्यंत सुरुवातीचा आजार, उणे बाराच्या पलीकडे पुढारलेला, असा ढोबळ हिशेब आहे. पहिली फील्ड टेस्ट बहुतेकांची खराब येते, कारण ती करण्याची सवय नसते. एका अहवालावर कोणी शहाणा डॉक्टर निवाडा करत नाही.

गेलेली दृष्टी काळी दिसते, ही समजूतही इथेच मोडावी लागते. जाहिरातींत आणि फलकांत काचबिंदूचे चित्र काढतात ते काळ्या बोगद्याचे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात रोग्यांपुढे निरनिराळी चित्रे ठेवून ‘तुम्हाला कसे दिसते’ असे विचारले, तेव्हा काळा बोगदा एकानेही निवडला नाही. कोणी अंधुक ठिपके म्हणाले, कोणी काही भाग गायब असल्याचे म्हणाले, आणि काहींना तर उणीव जाणवतच नव्हती. मेंदू रिकामी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो. रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली स्कूटर ‘एकदम कुठून आली’ असे वाटते, ती तिथेच होती. बोगदा दिसत नाही म्हणून आपल्याला काचबिंदू नाही, असे मानणाऱ्यांची संख्या पाहता तो बोगद्याचा फलक आता उतरवायला हवा.

६/६ या आकड्यानेही असाच घात होतो. स्नेलेनने १८६२ साली अक्षरांचा तक्ता दिला. निरोगी डोळ्याला जे अक्षर सहा मीटरवरून वाचता यावे ते आपण सहा मीटरवरून वाचले, तर ६/६; साठ मीटरवरून वाचता यावे असे मोठे अक्षरच सहा मीटरवरून वाचता आले, तर ६/६०. त्याखाली बोटे मोजता येणे, हात हलल्याचे कळणे, उजेड कळणे अशा पायऱ्या येतात, फाइलीत ‘सी.एफ.’, ‘एच.एम.’, ‘पी.एल.’ लिहिलेले असते ते हेच. पण हा तक्ता डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यबिंदूची परीक्षा घेतो, आणि काचबिंदू त्या मध्यबिंदूला बहुधा शेवटी हात लावतो. चारही बाजूंची नजर गेलेला माणूस तक्त्यावर ६/६ वाचून दाखवू शकतो. आपला कायदा या बाबतीत अनेक नातेवाइकांपेक्षा समजूतदार आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६०हून कमी असेल तर अंधत्व मानतात, आणि दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी उरले असेल तरीही. दृष्टिक्षेत्र १० ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर ‘अल्पदृष्टी’. ६/६ वाचणारा माणूस कायद्याने अंध असू शकतो. प्रमाणपत्रासाठी जाताना चष्म्याच्या नंबराचा कागद नेऊन परत पाठवलेले लोक असतात. फील्डचा अहवाल सोबत नेणे, एवढ्यावर कधीकधी सगळे अडते.

ओ.सी.टी. या तपासणीचे नाव आता सगळ्यांना पाठ झाले आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.मधून तिचा पहिला शोधनिबंध आला आणि आता तालुक्याच्या गावातही ती यंत्रे पोचली आहेत. प्रकाशाच्या साहाय्याने ती तंतूंच्या थराची जाडी मोजते. प्रौढ निरोगी डोळ्यात ती सरासरी नव्वद-शंभर मायक्रॉनच्या आसपास असते. अहवाल रंगीत असतो, हिरवा, पिवळा, लाल, आणि या रंगांनी जितकी झोप उडवली आहे तितकी काचबिंदूनेही उडवली नसेल. लाल म्हणजे आजार नव्हे. यंत्राच्या साठ्यातल्या त्या वयाच्या निरोगी लोकांपैकी शंभरात एखाद्याचाच थर इतका पातळ असतो, एवढाच त्याचा अर्थ. मोठा मायनस नंबर असलेल्या डोळ्यांत तंतूंची मांडणीच वेगळी असते आणि लाल रंग उगाच उमटतो. डॉक्टर त्याला थट्टेने ‘रेड डिसीज’ म्हणतात. उलट बाजूने, आजार फार पुढे गेला की थर पन्नास-पंचावन्न मायक्रॉनच्या खाली मोजताच येत नाही. तिथून पुढे ओ.सी.टी. ‘स्थिर’ दाखवत राहते आणि नजर मात्र जात राहते. तेव्हा पुन्हा त्या नावडत्या फील्ड टेस्टकडेच वळावे लागते.

औषधांच्या चिठ्ठीत एक सापळा आहे आणि तो मी कुठल्याही पुस्तिकेत पहिल्या पानावर छापायला तयार आहे. ‘ओ.डी.’ ही दोन अक्षरे सर्वसाधारण चिठ्ठीत ‘दिवसातून एकदा’ अशा अर्थाने येतात, आणि डोळ्यांच्या कागदावर लॅटिन परंपरेने तीच अक्षरे ‘उजवा डोळा’ सांगतात. ‘ओ.एस.’ डावा, ‘ओ.यू.’ दोन्ही. दोन्ही डोळ्यांत रोज एकदा घालायचा थेंब फक्त उजव्यात घातला गेला, तर डावा डोळा तक्रार करणार नाही. चिठ्ठी हातात पडली की कोणता डोळा, किती वेळा, किती दिवस, हे मराठीत लिहून घ्यावे. ‘पुढच्या भेटीपर्यंत’ आणि ‘कायम’ यांतला फरकही तेव्हाच विचारावा. बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असे समजणे, हे थेंब सुटण्याचे नेहमीचे कारण आहे.

थेंब डोळ्यात पडतो, पण तिथेच राहत नाही. अश्रूंच्या नळीवाटे तो नाकात आणि तिथून रक्तात जातो. १९७०च्या दशकाच्या शेवटी आलेले टिमोलॉल स्वस्त आणि गुणकारी आहे, पण दमेकऱ्याचा दमा वाढवू शकते आणि हृदयाचे ठोके मंदावू शकते. तेव्हा दम्याचा पंप वापरणाऱ्याने तो डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे, आणि छातीच्या डॉक्टरांना थेंबांची बाटली. थेंब घातल्यावर नाकालगतचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरला तर रक्तात कमी जाते. दुसरा थेंब असेल तर पाच मिनिटांनी. १९९६ साली आलेल्या लॅटानोप्रोस्टच्या घराण्यातली औषधे रात्री एकदाच घालायची असतात. पापण्यांचे केस लांबणे आणि डोळा किंचित लाल दिसणे हे त्यांचे ओळखीचे परिणाम, त्याला घाबरून बाटली फेकू नये. याउलट खरोखर घाबरायचे ते स्टेरॉइडच्या थेंबांना. डोळा लाल झाला, खाज आली की औषधाच्या दुकानातून ‘मागच्या वेळचेच’ थेंब आणण्याची आपली सवय आहे, आणि त्या मागच्या वेळच्या थेंबांत पुष्कळदा प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन असते. महिनोन्‌महिने घातले तर काहींचा दाब चढतो. अॅलर्जीने डोळे चोळणारी शाळकरी मुले यात नाहक सापडतात. दुकानदाराला ‘यात स्टेरॉइड आहे का’ असे विचारायला पैसे पडत नाहीत.

‘लेझर केलंय’ हे वाक्य दुसऱ्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. अरुंद कोपऱ्यासाठी आयरिसला बारीक भोक पाडतात तो ‘पी.आय.’, जाळी मोकळी करण्यासाठी ‘एस.एल.टी.’, आणि २०१९ला आलेल्या लंडनच्या चाचणीत सुरुवातीलाच हा लेझर घेतलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांचे डोळे तीन वर्षे थेंबांवाचून लक्ष्याच्या आत राहिले. मोतीबिंदूनंतर भिंगामागचे पातळ आवरण धुरकटले तर ते उघडायचा ‘याग कॅप्सुलॉटॉमी’; ‘मोतीबिंदू परत आला’ असे लोक म्हणतात तो हा, आणि तो परत आलेला नसतो. मधुमेहात पडद्याच्या कडेला देतात तो ‘पी.आर.पी.’. चष्मा घालवण्याचा तो आणखी निराळा. कोणत्या डोळ्याला, कोणत्या साली, कोणता, हे लिहून ठेवावे.

पडद्याच्या म्हणजे रेटिनाच्या आजारांचे शब्द दुसऱ्या भागात आहेत. मधुमेहींनी तिथले ‘एन.पी.डी.आर.’ आणि ‘पी.डी.आर.’ यांतला फरक समजून घ्यावा. पहिल्यात पडद्यातल्या जुन्या रक्तवाहिन्या बिघडतात, दुसऱ्यात नव्या नको तिथे उगवतात आणि मग काम घाईचे होते. ‘मॅक्युलर एडिमा’ ही मध्यबिंदूची सूज, तिच्यावर डोळ्यात इंजेक्शने देतात आणि ती एकदाच देऊन भागत नाही. तिरळेपणा, डोळे कोरडे पडणे, कॉर्नियावर पडणारे फूल यांच्या नोंदी थोडक्यात उरकल्या आहेत.

भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा २०१० साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, आणि वस्तीपाहण्यांत सापडलेल्या दहांपैकी नऊ जणांना तोवर त्याचा पत्ता नव्हता. त्यांच्यापर्यंत पुस्तिका पोचणार नाही, कारण त्यांच्याकडे फाइलच नाही. त्यांच्यापर्यंत पोचू शकतो तो फाइल असलेला भाऊ किंवा बहीण. सख्ख्या भावंडांत आणि मुलांत हा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. निदान झाल्यावर ‘कशाला सगळ्यांना सांगायचं’ असे म्हणणाऱ्या घरांना ‘फॅमिली हिस्टरी’ ही नोंद आवर्जून दाखवावी.

फाइल ठेवण्याविषयी थोडे. दाब आणि नंबर मोजणाऱ्या यंत्रांतून निघणाऱ्या लहान चिठ्ठ्या उष्णतेवर छापलेल्या असतात; वर्ष-दोन वर्षांत त्या कोऱ्या होतात, प्लास्टिकच्या पिशवीत तर त्याआधीच. त्यांची झेरॉक्स काढावी किंवा फोटो घ्यावा. औषध सुरू होण्याआधीचा दाब आणि पहिली फील्ड, पहिली ओ.सी.टी. हे कागद सर्वांत वर असावेत, कारण पुढचे सगळे त्यांच्याशी ताडून पाहायचे असते. एका कंपनीच्या यंत्रावरची जाडी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरच्या जाडीशी जुळत नाही, म्हणून ओ.सी.टी. शक्यतो एकाच यंत्रावर करावी. गाव बदलले, डॉक्टर बदलले तर नव्या ठिकाणी नव्याने सुरुवातीची तपासणी होईल हे धरून चालावे, आणि जुनी फाइल रद्दीत घालू नये.